किल्टच्या चुण्या

प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात भूदलाच्या पाइप बँडचे पथक समोरून गेले, की वादकांच्या खांद्यावरून पाठीवर रुळणारे चौकड्यांचे वस्त्र प्रेक्षकांच्या नजरेत भरते. हे वस्त्र आणि त्या पथकातील बॅगपाइप ही दोन्ही ब्रिटिश अमदानीत स्कॉटलंडहून आपल्याकडे आली आणि येथेच रुळली. त्यांचे तिसरे भावंड म्हणजे किल्ट. चित्रांतून आणि चित्रपटांतून ते आपल्या परिचयाचे आहे. पण त्या परिचयात कुतूहलापेक्षा थट्टेचाच भाग अधिक असतो. पुरुषाने घातलेला आखूड परकर, असे म्हणून आपण मोकळे होतो.

परंतु परकर आणि किल्ट यांत एक मूलभूत फरक आहे. परकराची नाडी ओढली, की कापड आपोआप गोळा होते. कोठे किती चुणी पडावी याचा विचार करावा लागत नाही. किल्टमध्ये आपोआप असे काहीच होत नाही. त्याची प्रत्येक चुणी मोजलेली, आखलेली आणि हाताने शिवलेली असते. किल्ट घातलेला मनुष्य चालू लागला, की पाठीमागच्या चुण्या प्रत्येक पावलागणिक उघडतात आणि पुन्हा जेथल्या तेथे मिटतात. मिटल्यावर चौकड्यांचा नमुना पूर्ववत् दिसतो. एकही रेघ तुटलेली दिसत नाही. हे कसे साधते, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी भाषेत वस्त्र अंगावर घेण्यासाठी दोन निराळी क्रियापदे आहेत. लुगडे आणि धोतर आपण नेसतो. सदरा आणि कोट घालतो. नेसावयाच्या वस्त्राला शिंपी लागत नाही. त्याचा आकार नेसणाराच्या हातात असतो आणि संध्याकाळी सोडले, की ते पुन्हा निव्वळ कापड होते. घालावयाच्या वस्त्राचा आकार मात्र शिंप्याने कायमचा ठरवून दिलेला असतो. किल्टचा सारा इतिहास या दोन क्रियापदांत सामावलेला आहे. ते आरंभी नेसावयाचे वस्त्र होते. पुढे ते घालावयाचे झाले. नऊवारी लुगडे आता शिवूनही मिळू लागले आहे, त्यामुळे हा बदल मराठी घरांना समजावून सांगावयास नको.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील पुरुष जे वस्त्र वापरीत, त्याला त्यांच्या गेलिक भाषेत मोठे किल्ट अशा अर्थाचे नाव आहे. त्या काळच्या हातमागांवर निघणाऱ्या कापडाचा पन्हा लहान असे. म्हणून आठ-नऊ वार कापड घेऊन त्याचे दोन तुकडे करीत आणि ते लांबीच्या बाजूने एकमेकांस जोडीत. जोडाची ती एक शिवण सोडली, तर त्या वस्त्राला फारशी शिलाई नसे. कापड जमिनीवर पसरावयाचे, मधल्या भागात हाताने निऱ्या घालावयाच्या, त्यावर उताणे पडून दोन्ही टोके पुढे घ्यावयाची आणि कमरेला पट्टा आवळून उठावयाचे, अशी ते नेसण्याची एक रीत सांगतात. पट्ट्याच्या वरचे कापड पावसात डोक्यावरून घेता येई आणि रात्री तेच अंथरूण-पांघरूण होई.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या वस्त्राचा वरचा अर्धा भाग गळून गेला आणि कमरेखालचा तेवढा उरला. हे छोटे किल्ट होय. थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने आपल्या लोखंडाच्या भट्टीवरील कामगारांच्या सोयीसाठी ते प्रथम करविले, असे १७८५ साली छापल्या गेलेल्या एका पत्रात म्हटले आहे. या कथेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. स्कॉटिश मनुष्याला आपला राष्ट्रीय पोशाख एका इंग्रजाने शोधून काढला, हे पटणे कठीणच! शोध कोणाचाही असो, पट्ट्याच्या वरचे ओझे कमी झाल्यामुळे हाताने घातलेल्या निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची वाट मोकळी झाली, एवढे खरे.

पण त्याच सुमारास या वस्त्रावर मोठे संकट ओढवले. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याचे बंड १७४६ साली कलोडनच्या रणभूमीवर मोडले गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने डोंगराळ मुलखाच्या पोशाखावर कायद्याने बंदी घातली. पहिल्या अपराधाला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे सागरापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. सैन्यातील हायलँडर पलटणींना मात्र ही बंदी लागू नव्हती. ३६ वर्षांनी, म्हणजे १७८२ साली, ती उठली, तेव्हा सर्वसामान्यांच्या अंगावरून हे वस्त्र जवळजवळ नाहीसे झाले होते. ज्याला देशद्रोहाचे चिन्ह ठरविले, ते सरकारी गणवेश म्हणून जगले. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या समारंभाची आखणी प्रख्यात कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली होती. खुद्द राजानेच हा वेष परिधान केला आणि कायद्याने हाकललेले वस्त्र दरबारी थाटात परत आले.

शिवलेल्या चुण्यांची जी जुनी किल्टे आज उपलब्ध आहेत, ती १७९० नंतरच्या दशकातली आहेत. त्यांत सुमारे चार वार कापड असे आणि चुण्या पेटीच्या आकाराच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत दुमडलेल्या, रुंद असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकाच दिशेस दुमडलेल्या, सुरीच्या पात्यासारख्या अरुंद चुण्यांचा प्रघात पडला. चुण्या अरुंद झाल्या तशी त्यांची संख्या वाढली, आणि संख्येबरोबर कापडही वाढत जाऊन आठ वारांवर आले. आज आठ वारी किल्ट हेच पूर्ण किल्ट समजले जाते.

यासाठी लागणारे कापड म्हणजे तिरकस विणीची, घट्ट पिळाच्या सुताची लोकर. चौकड्यांच्या या कापडाला टार्टन म्हणतात. दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड घेऊन ते लांबीत उभे दुभागले, की एकेरी पन्ह्याचे आठ वार होते. या दोन पट्ट्या एकमेकींना जोडतात आणि तो जोड एखाद्या चुणीच्या पोटात लपवितात. वजनदार कापड दुहेरी पन्ह्याच्या वाराला १६ औंसांपर्यंत भरते. म्हणजे चार वारांचे वजन जवळजवळ पावणेदोन किलो झाले. हे वजन निष्कारण नव्हे. चुणी आपल्या भाराने खाली ओढली जाते, म्हणूनच ती सरळ लोंबते. हलक्या कापडाच्या चुण्या वाऱ्यावर भरकटतात आणि मिटावयास विसरतात.

किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते, ही आणखी एक ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. मागावर निघालेला कापडाचा काठच खालची कड म्हणून ठेवतात. दुमड घातली तर तेथे जाडी येऊन चुण्यांचा झोल बिघडेल. याचा अर्थ असा, की किल्टची लांबी खालून कमीजास्त करता येत नाही. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत यावयाची ती लांबी आधीच नेमकी मोजावी लागते आणि जी काटछाट करावयाची ती वरच्या बाजूस होते.

आता हिशेबाकडे वळू. किल्टचे तीन भाग असतात. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर आणि पाठीमागे चुण्या. समजा, एका गृहस्थाचा नितंबांचा घेर ४० इंच आणि कमरेचा ३४ इंच आहे. या घेराचा साधारण निम्मा भाग पुढच्या पदराने झाकावयाचा आणि निम्मा चुण्यांनी. म्हणजे चुण्यांना खाली २० इंच आणि कमरेशी १७ इंच जागा मिळाली. चुण्या २७ धरल्या, तर प्रत्येक चुणी नितंबांपाशी पाऊण इंचाहून किंचित कमी आणि कमरेशी त्याहून आणखी एक सुताने कमी भरेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा प्रत्येक चुणी वर जाताना एक सूतभर निमुळती करावयाची आणि तीही २७ वेळा सारखीच.

या कामात अर्ध्या सुताची चूक म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चूक. पण ती प्रत्येक चुणीत एकाच बाजूला होत गेली, तर २७ चुण्यांची मिळून पावणेदोन इंचांच्या जवळपास जाते. किल्ट तेवढे सैल होते, किंवा तेवढे अपुरे पडते. एका मोठ्या चुकीने किल्ट बिघडत नाही. कारण मोठी चूक दिसते आणि उसविता येते. ते बिघडते सारख्या होत राहिलेल्या बारीक चुकीने.

याहून कठीण भाग चौकड्यांचा. टार्टनमध्ये रंगांच्या पट्ट्या ठराविक क्रमाने येतात आणि एक नमुना संपला, की तोच पुन्हा सुरू होतो. हा नमुना सात इंचांचा आहे असे मानू. आता चुण्या घालण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक चुणीवर नमुन्यातील एकच रेघ, समजा पिवळी, मधोमध आणतात. त्यासाठी प्रत्येक चुणीला बरोबर सात इंच कापड द्यावे लागते. सगळ्या चुण्यांवर एकच रेघ आल्याने पाठीमागचा भाग पुढच्या पदराहून अगदी निराळा दिसतो आणि चालताना चुण्या उघडल्या, की आतले रंग एकदम झळकतात. ही पद्धत सैनिकी वळणाची मानली जाते.

दुसऱ्या पद्धतीत चुण्या मिटलेल्या असता जणू कापड दुमडलेच नाही, असा पुढच्या पदरासारखाच अखंड चौकडा पाठीमागे दिसावा लागतो. येथे प्रत्येक चुणीने मागच्या चुणीने सोडलेला धागा नेमका उचलावयाचा असतो. म्हणून प्रत्येक चुणीला एक पूर्ण नमुना आणि शिवाय चुणीची दर्शनी रुंदी, म्हणजे सात इंच अधिक पाऊण इंच, इतके कापड लागते. २७ चुण्यांना हे जवळजवळ पावणेसहा वार झाले. उरलेले दोन-सव्वादोन वार पुढचे दोन पदर आणि त्यांच्या कडांच्या खोल चुण्या यांत जाते. आठ वार कापड कोठे नाहीसे होते, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ते घड्यांच्या पोटात जाते. जे दिसते त्याच्या कितीतरी पट कापड न दिसण्यासाठी खर्च झालेले असते.

चुणी शिवण्याचे काम कापडाच्या सुलट्या बाजूने होते. चुणी दुमडून तिची कड शेजारच्या चुणीवर टाचण्यांनी बसवितात. उभ्या रेघेबरोबरच आडव्या रेघाही एकमेकींस मिळाल्या आहेत की नाही, हे पाहावे लागते. नाही तर आडवी रेघ दर चुणीला एकेक पायरी चढत जाते. मग कडेच्या घडीतून आणि खालच्या कापडातून सुई काढीत, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घालीत, ती शिवण कमरेपर्यंत नेतात. रंग बदलला, की दोराही बदलावा लागतो. टाका घट्ट ओढला तर कापड आवळते. सैल राहिला तर चुणी तोंड उघडते. ही शिवण किल्टच्या लांबीच्या साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शापुरतीच असते. त्याखाली चुण्या मोकळ्या. निमुळती करण्याचे सारे काम याच पट्ट्यात होते. चुणीवर मधोमध रेघ असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे सूत घ्यावे लागते. एकाच बाजूने पूर्ण सूत घेतले तर रेघ तिरकी धावते.

येथवरचे काम निदान दिसते तरी. पुढचे काम कोणालाच दिसत नाही. शिवलेल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूस २७ घड्यांचे थर एकावर एक आलेले असतात. ते तसेच ठेवले, तर कमरेशी गादी बांधल्यासारखी होईल. म्हणून आतील जादा कापड कात्रीने काढून टाकतात. साऱ्या किल्टमध्ये परत फिरता येणार नाही अशी ही एकच पायरी. परंतु कापड काढले, की चुण्यांचा आधारही गेला; त्यांचा सगळा भार बाहेरच्या बारीक टाक्यांवर आला. तो त्यांनी पेलू नये यासाठी कात्री लावण्यापूर्वीच, शिवणीच्या खालच्या टोकाच्या जरा वर, आतून टाक्यांची एक आडवी ओळ घालून सगळ्या चुण्या एकमेकींस जखडतात. त्यावर आधाराची पट्टी आणि मग मजबूत कॅनव्हास बसवितात. हा कॅनव्हास म्हणजे किल्टचा पाठकणा. पुढे ज्या पट्ट्यांनी आणि बकलांनी किल्ट कमरेला आवळावयाचे, त्यांची ओढ कॅनव्हास घेतो. चुण्यांवर ती येत नाही.

नंतर कमरेची पट्टी, चामड्याचे पट्टे आणि बकले येतात. खालचा पदर आधी डाव्या बाजूस नेऊन बांधतात. त्याचा पट्टा एका बारीक फटीतून बाहेर काढलेला असतो. वरचा पदर उजव्या बाजूस येतो आणि त्याच्या कडेला कापडाचेच सूत काढून केलेली झालर ठेवतात. शेवटी सुती अस्तर लावले, की आतील सगळे टाके, पट्टी आणि कॅनव्हास कायमचे झाकले जातात. मोकळ्या चुण्या कच्च्या टाक्यांनी ओळीने धरून, ओल्या फडक्यावरून जड इस्त्री फिरवितात. कापड सुकून थंड झाल्यावर कच्चे दोरे ओढून काढले, की किल्ट तयार झाले. सरावलेल्या हातालाही याला वीस तासांच्या आसपास वेळ लागतो.

हे वीस तास कोणाचे? दुकानाच्या नावाची पट्टी अस्तरावर शिवलेली असते. शिवणाराचे नाव तेथे नसते. स्कॉटलंडमध्ये हे काम दीर्घकाळ पुष्कळशा स्त्रियांनी घरी बसून, नगावर मजुरी घेऊन केले आहे. नगावर मजुरी मिळत असता आतील आडव्या टाक्यांची ओळ गाळली, तर तास-दीड तास वाचतो आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. वर्षा-दोन वर्षांनी चुण्या खाली ओघळू लागतात, तेव्हा दोष कापडाला दिला जातो. यंत्रावर शिवलेली, हलक्या कापडाची, स्वस्त तयार किल्टे आता पाकिस्तानसारख्या देशांतून पाश्चात्य बाजारात पुष्कळ येतात. ज्याला एखाद्या लग्नसमारंभापुरते वस्त्र हवे, त्याने ते घेतले तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्या किमतीशी हाताच्या वीस तासांनी स्पर्धा कशी करावी, हा प्रश्न उरतोच. ब्रिटनमधील हेरिटेज क्राफ्ट्स या संस्थेने २०२१ साली आपल्या यादीत किल्ट शिवण्याच्या कलेची नोंद धोक्यात आलेली कारागिरी म्हणून केली. ज्या वस्त्राला कायद्याची बंदी संपवू शकली नाही, त्याची कला बाजारभावाने संपण्याची भीती निर्माण झाली आहे.

या कलेची आणखी एक अडचण अशी, की ती फार काळ पुस्तकांत नव्हती. ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जात असे. २००१ साली एल्सी स्ट्यूमायर आणि बार्बरा ट्यूक्सबरी या दोघींनी किल्ट शिवण्याच्या साऱ्या पायऱ्या क्रमवार सांगणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांपैकी पहिली या धंद्यातच तयार झालेली कारागीर, तर दुसरी अमेरिकेतील भूगर्भशास्त्राची प्राध्यापिका. एकीच्या बोटांत जे होते, ते दुसरीने मोजून, आकृत्या काढून कागदावर उतरविले. शिकू इच्छिणाराला गुरू दूर असला, तरी आरंभ करण्याची सोय झाली. तथापि टाका किती ओढावा, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते बोटांनाच शिकावे लागते, आणि बोटांना शिकविण्यासाठी शेजारी कोणीतरी बसावे लागते.

किल्ट घालणाराला स्वतःच्या चुण्या कधी दिसत नाहीत. त्याला दिसतो तो समोरचा सपाट पदर. चुण्या दिसतात त्याच्या मागून चालणाराला, आणि त्या चुण्यांना धरून ठेवणारे आतले टाके तर कोणालाच नाही. ते टाके घातले आहेत की गाळले आहेत, हे एकट्या शिवणारीलाच ठाऊक असते. पुढच्या वेळी पाइप बँडच्या चित्रात किंवा पडद्यावर किल्टच्या चुण्या एका तालात उघडताना आणि मिटताना दिसल्या, तर थट्टेचा शब्द ओठांवर येण्यापूर्वी, अस्तराखाली झाकल्या गेलेल्या त्या एका आडव्या ओळीची आठवण अवश्य व्हावी. चुण्या पुन्हा आपल्या जागी येतात, त्या तिच्या बळावर.